गोठू नये आणि वाहूनही जाऊ नये

हार्बर मार्गावरील चेंबूर आणि मानखुर्द या दोन स्थानकांच्या मध्ये वसलेले गोवंडी महानगरपालिकेच्या दप्तरी ‘एम-पूर्व’ प्रभागाचा एक भाग म्हणून नोंदलेले असले, तरी शिवाजीनगर, बैंगनवाडी, देवनार अशा वस्त्यांतून या महानगराच्या कष्टाचा फार मोठा भार ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उचलला, अशा श्रमिकांचे ते एक भले मोठे नगरच आहे. एका लहानशा खोलीत सहा-सात माणसांनी एकत्र निजावे, वारा आणि ऊन यांचा प्रवेश दाराच्या फटीपुरताच व्हावा, अशी जेथे राहणी असते, तेथे काही व्याधी वारंवार आढळतात. आणि त्यांपैकीच एक, जिची सुरुवात बालपणीच्या साध्या घसादुखीतून होते, ती पुढे हृदयापर्यंत पोहोचते. स्ट्रेप्टोकॉकस या जंतूमुळे घसा धरतो, त्यावर वेळीच उपचार न झाल्यास काही मुलांना, विशेषतः पाच ते पंधरा या वयात, सांधे सुजवणारा ऱ्हुमॅटिक ताप येतो, आणि तो ओसरल्यावरही हृदयाच्या झडपांवर जो व्रण तो ठेवून जातो, त्याचे दुष्परिणाम विसाव्या-पंचविसाव्या वर्षी, कित्येकदा ऐन कमावत्या वयात अथवा बाळंतपणाच्या काळात, प्रकट होतात. परळचे के. ई. एम. असो वा शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय असो, तेथील हृदयरोग विभागाबाहेरच्या बाकांवर जी तरुण माणसे हातात जाड फाईल धरून बसलेली दिसतात, त्यांतील अनेकांची कहाणी ही अशी असते.

ज्यांच्या झडपा फारच निकामी झालेल्या असतात, त्यांना कृत्रिम झडप बसवावी लागते. भारतात या बाबतीत एक अभिमानास्पद कार्य झाले आहे: तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वल्याथन यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे खपून स्वदेशी झडप घडवण्यात आली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती प्रथम रुग्णाच्या हृदयात बसली; तेव्हापासून हजारो गरीब रुग्णांना परवडेल अशा किमतीत तिचा लाभ झाला. महाराष्ट्रातही महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडप बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा अंतर्भाव असल्याने एरवी ज्यांना घरदार विकावे लागले असते, त्यांना हे जीवदान मिळते. परंतु धातू व तत्सम कृत्रिम पदार्थांची झडप शरीराला परकी असते, तिच्या पृष्ठभागावर रक्त गोठण्याची प्रवृत्ती असते, आणि तसे घडले तर एक तर झडपच अडकून बसते अथवा गोठलेल्या रक्ताची गुठळी सुटून मेंदूत जाते व माणूस क्षणार्धात पक्षाघाताने लुळा पडतो. म्हणून शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याच्या दिवसापासून त्या रुग्णाच्या आयुष्यात रक्त गोठण्याला आळा घालणारी एक छोटी गोळी कायमची दाखल होते. ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, किंवा ज्यांच्या पायाच्या खोल शिरेत गुठळी झाली आहे, अशांनाही हीच गोळी काही महिने वा जन्मभर घ्यावी लागते. या लेखाचा विषय ती गोळी आणि तिच्याबरोबर निर्धास्तपणे जगण्याची रीत हा आहे.

या गोळीचा इतिहास गुरांच्या एका रोगापासून सुरू होतो. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेच्या प्रेअरी प्रदेशात, ओलावा लागून कुजलेली ‘स्वीट क्लोव्हर’ नावाची वैरण खाल्लेली जनावरे किरकोळ जखमेतूनही रक्तस्राव होऊन मरू लागली. १९३३ च्या फेब्रुवारीत, हिमवादळ चालू असताना, एड कार्लसन नावाचा विस्कॉन्सिनमधील शेतकरी मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये भरलेले न गोठणारे रक्त आणि थोडी वैरण घेऊन सुमारे तीनशे किलोमीटर अंतर कापून मॅडिसनच्या विद्यापीठात पोहोचला व तेथे जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत त्याची कैफियत ऐकून घेतली गेली. त्या प्रसंगाने सुरू झालेल्या संशोधनातून १९३९ मध्ये त्या वैरणीतला दोषी पदार्थ शुद्ध स्वरूपात हाती लागला. पुढे त्याच घराण्यातील वॉरफरिन हे संयुग प्रथम १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आले, आणि काही वर्षांनी, प्रमाण नीट सांभाळले तर ते माणसाला वाचवू शकते हे सिद्ध झाल्यावर, १९५४ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली. आपल्याकडे वॉरफरिनबरोबरच, किंबहुना त्याहूनही अधिक, असेनोकूमरॉल या त्याच्या भावंडाचा वापर होतो. ‘असिट्रॉम’ या नावाने ते औषध शस्त्रक्रिया झालेल्या घराघरांत परिचयाचे आहे. उंदरांसाठी विष आणि माणसांसाठी जीवरक्षक, या दोहोंमध्ये फरक केवळ मात्रेचा आहे, ही गोष्ट ज्याच्या मनात एकदा पक्की बसली, त्याला पुढील सगळी पथ्ये आपोआप उमगतात.

शरीरात या औषधाचे कार्य असे चालते. जखम झाली की रक्त गोठवण्यासाठी जे घटक लागतात, त्यांपैकी चार घटक यकृतात के जीवनसत्त्वाच्या साहाय्याने तयार होतात. डेन्मार्कचे हेन्रिक डॅम यांनी हे जीवनसत्त्व शोधले आणि १९४३ साली एडवर्ड डॉयझी यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वॉरफरिन वर्गातील औषधे या जीवनसत्त्वाच्या पुनर्वापराला अडथळा आणतात, म्हणून नव्याने तयार होणारे घटक अकार्यक्षम ठरतात. परंतु आधीपासून रक्तात असलेले घटक आपापला काळ संपेपर्यंत काम करत राहतात, त्यामुळे गोळी आज घेतली तरी तिचा पुरता परिणाम काही दिवसांनंतर दिसतो आणि आजची चूकही तितक्याच विलंबाने भोवते. तात्काळ आळा घालण्याची गरज असते तेव्हा म्हणूनच इंजेक्शनाच्या स्वरूपातील हेपरिन वापरतात. ते १९१६ मध्ये अमेरिकेत जे मॅक्लीन या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या प्रयोगांतून उजेडात आले. पुष्कळदा पहिले काही दिवस इंजेक्शन आणि गोळी ही दोन्ही बरोबर चालू ठेवून मग इंजेक्शन बंद केले जाते, आणि रुग्णाने ‘आता सुई बंद, म्हणजे आजार गेला’ असा समज करून घेता कामा नये.

ही दिरंगाईची चाल लक्षात घेऊनच आयएनआर या तपासणीची योजना झालेली आहे. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे मोजण्याची पद्धत अमेरिकन शास्त्रज्ञ आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये काढली, पण एकाच रक्ताचे मापन निरनिराळ्या प्रयोगशाळांत निरनिराळे येई. म्हणून १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्वत्र सारखे मानले जाईल असे गणित मुक्रर केले आणि तेच आज आयएनआर म्हणून ओळखले जाते. निरोगी माणसात हा आकडा एकच्या आसपास असतो. शिरेतील गुठळी किंवा हृदयाची अनियमित धडधड यांसाठी औषध घेणाऱ्याने तो सामान्यतः दोन ते तीनच्या दरम्यान राखावयाचा असतो, आणि हृदयाच्या डावीकडील मिट्रल स्थानी धातूची झडप असलेल्याला पुष्कळदा अडीच ते साडेतीन असे लक्ष्य दिले जाते. तुमच्यासाठी ठरलेली मर्यादा डॉक्टरांकडून विचारून घेऊन ती वहीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवावी. आकडा त्या मर्यादेखाली गेला तर गुठळीचे, वर गेला तर रक्तस्रावाचे भय. या दोन संकटांच्या मधल्या अरुंद वाटेने चालणे हेच या रुग्णाचे जन्माचे कर्तव्य होऊन बसते. सुरुवातीला ही तपासणी आठवड्यात एक-दोनदा, मग आठवड्याला, आणि आकडा स्थिरावल्यावर महिन्याला करतात. घरात सारे ठीक वाटते म्हणून ती टाळणे ही सर्वांत मोठी बेपर्वाई होय, कारण हा आकडा चढला वा उतरला तरी शरीर त्याची वर्दी आधी देतेच असे नाही.

गोळीचे शिस्तपालन कसे करावे, हे वरवर साधे दिसते पण तेथेच चुका होतात. असेनोकूमरॉल निरनिराळ्या मिलिग्रामांत मिळते आणि मात्रा आठवड्यातील वारांप्रमाणे बदलत असू शकते; म्हणून केवळ ‘पांढरी गोळी’ अशा खुणेवर विसंबून न राहता पट्टीवरील नाव व मिलिग्राम दर वेळी वाचावे, वाचता न येणाऱ्या आईवडिलांसाठी मुलांनी रविवारी आठवड्याचा डबा भरून ठेवावा, आणि दुकानदाराने तेच औषध दुसऱ्या कंपनीचे दिले तर डॉक्टरांना कळवून मगच ते सुरू करावे. गोळीची वेळ संध्याकाळची ठरवली तर दिवसा झालेल्या तपासणीनुसार त्याच रात्रीची मात्रा डॉक्टरांना बदलता येते. एखाद्या दिवशी गोळी विसरली आणि त्याच दिवशी आठवण झाली तर ती घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवली तर राहिलेली गोळी सोडून द्यावी, दुप्पट मात्रा कधीही घेऊ नये, आणि विसरल्याची नोंद वहीत अवश्य करावी. वहीतील ही प्रामाणिक नोंद लपवल्याने डॉक्टरांचा सगळा हिशेबच चुकतो, कारण आकडा खाली गेला तो औषध कमी पडले म्हणून की घेतलेच नाही म्हणून, याची रुजवात त्या वहीवरूनच होत असते.

आहाराविषयी जितका गैरसमज तितकी काळजी असायला हवी. पालक, मेथी, चवळी, माठ, शेपू, अळू आणि कोथिंबीर यांत के जीवनसत्त्व भरपूर असते हे खरे, पण म्हणून पालेभाजी पूर्ण वर्ज्य करणे अनाठायी आणि शरीराला अपायकारकही आहे. आवश्यक आहे ते सातत्य: आठवड्यातून जितक्या वेळा आणि जितकी भाजी खाण्याचा परिपाठ आहे, तो तसाच चालू ठेवावा, एकदम वाढवू नये आणि एकदम सोडू नये. रमजानचे उपवास, श्रावणातील व्रते, नवरात्रातील नऊ दिवस यांनी गोवंडीतील घराघरांत वर्षातून कित्येकदा खाण्यापिण्याची घडी बदलते; अशा वेळी आधीच डॉक्टरांना भेटून गोळी इफ्तारनंतर घ्यावी की केव्हा, तपासणी अधिक वेळा करावी काय, याची तजवीज करून ठेवावी. मद्यपान हे तर यकृतावर थेट आघात करून सारी गणिते उलथवून टाकणारे आहे.

आता येतो तो विषय, जो या वस्तीत सर्वांहून महत्त्वाचा आहे: इतर औषधे. अंग दुखले, गुडघा आखडला म्हणजे जवळच्या दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी आणायची, ताप आला म्हणजे गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन ‘सुई’ टोचून घ्यायची, हा आपल्याकडील सर्वमान्य रिवाज आहे. परंतु या वेदनाशामक गोळ्या जठराच्या अस्तराला इजा करतात आणि रक्तातील बिंबाणूंची गोठण्यास साहाय्य करणारी शक्ती क्षीण करतात, त्यामुळे आधीच गोठण्याला आळा घातलेल्या शरीरात जठरातून घातक रक्तस्राव होऊ शकतो. स्नायूत दिलेल्या इंजेक्शनाच्या जागी रक्त साठून मोठी गाठ येऊ शकते. दुखणे वा तापासाठी पॅरासिटॅमॉल हे त्या मानाने निर्धोक आहे, पण तेही दिवसानुदिवस मोठ्या मात्रेत घ्यायचे असल्यास आयएनआर तपासावे लागते. ऱ्हुमॅटिक रोगासाठी ज्यांना ठरावीक काळाने पेनिसिलिनचे इंजेक्शन चालू आहे, त्यांनी ते स्वतःहून बंद न करता हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मेट्रोनिडाझोल, को-ट्रायमोक्साझोल यांसारखी प्रतिजैविके आणि फ्लुकोनाझोल हे बुरशीवरील औषध आयएनआर झपाट्याने वर चढवतात; दातांसाठी दिलेली पाच दिवसांची मात्राही त्यासाठी पुरेशी आहे. ज्यात काय मिसळले आहे ते ठाऊक नाही असे चूर्ण, काढे आणि ‘शक्ती’च्या पुड्या घेऊ नयेत, जखमा करून रक्त काढणारा हिजामा किंवा जळवा लावणे हे तर निक्षून टाळावे.

सर्वांत गहन प्रश्न क्षयाच्या औषधाचा आहे. एम-पूर्व प्रभागात क्षयाचे प्रमाण मोठे असून नटवर पारेख कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतींतील दाटीवाटीच्या, ऊन-वाऱ्याला पारख्या इमारतींचा आणि क्षयाचा संबंध अभ्यासकांनी दाखवून दिलेला आहे. म्हणजे एकाच माणसाला झडपेची गोळी आणि क्षयाची गोळी दोन्ही घ्यावी लागणे ही येथील दुर्मिळ गोष्ट नव्हे. क्षयावरील उपचारातील रिफॅम्पिसिन हे यकृतातील विकरांना इतके चेतवते की वॉरफरिन अथवा असेनोकूमरॉल झपाट्याने नष्ट होऊ लागते, आयएनआर खाली येतो आणि पुष्कळदा गोळीची मात्रा कित्येक पटींनी वाढवावी लागते. धोका येथेच संपत नाही: सहा महिन्यांनी क्षयाचा उपचार पूर्ण होऊन रिफॅम्पिसिन थांबले, की ते विकर हळूहळू मूळ पदावर येतात, आणि वाढवलेली मात्रा तशीच राहिली तर पुढच्या काही आठवड्यांत आयएनआर धोकादायकरीत्या चढतो. म्हणून क्षयाचे औषध सुरू होताना आणि बंद होताना, या दोन्ही वेळी, क्षयरोग केंद्राला झडपेची गोळी आणि हृदयरोग विभागाला क्षयाची गोळी सांगणे हे रुग्णाचे, आणि त्याहूनही त्याला तपासणाऱ्यांचे, आद्य कर्तव्य आहे. पावसाळ्यात डेंग्यूची साथ असताना हीच दक्षता हवी: त्या आजारात बिंबाणू कमी होत असल्याने ताप येताच घरी उपचार न करता रुग्णालय गाठावे आणि तेथे पहिल्याच वाक्यात आपण कोणती गोळी घेतो हे सांगावे.

झडप बदललेल्या तरुण स्त्रियांसाठी आणखी एक सूचना अत्यावश्यक आहे. हे औषध गर्भापर्यंत पोहोचते आणि विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यांत गर्भाच्या वाढीला अपाय करू शकते. पण दुसऱ्या बाजूने, स्वतःहून गोळी बंद केल्यास झडपेवर गुठळी होऊन आईचाच जीव जाऊ शकतो. म्हणून मूल हवे असेल तर आधी, आणि पाळी चुकल्यास ताबडतोब, डॉक्टरांकडे जावे. काही काळ इंजेक्शनाचा पर्याय देता येतो काय हे तेच ठरवतील. सून कोणती गोळी घेते याची माहिती सासूला आणि नवऱ्याला असली, तर तिला हे सांगताना संकोच होणार नाही.

अलीकडे डाबिगाट्रान (२०१०), रिव्हारोक्साबान (२०११), अपिक्साबान (२०१२) अशी नवी औषधे अमेरिकेत मान्य होऊन आपल्याकडेही आली, ज्यांच्यासाठी वारंवार आयएनआर तपासावे लागत नाही, आणि शिरेतील गुठळीच्या वा झडपेचा विकार नसलेल्या अनियमित ठोक्यांच्या रुग्णांना ती सोयीची ठरली. परंतु शेजाऱ्याला हे चालते म्हणून आपणही तेच मागणे धोक्याचे आहे. धातूची झडप असलेल्यांवर डाबिगाट्रानचा प्रयोग २०१२ साली गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने थांबवावा लागला. आणि भारतासह अनेक देशांतील साडेचार हजारांहून अधिक ऱ्हुमॅटिक रुग्णांवर झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ अभ्यासात रिव्हारोक्साबानपेक्षा जुन्या गोळ्यांच्या गटात मृत्यू कमी आढळले. नव्या औषधांचेही नियम आहेत: रिव्हारोक्साबानच्या मोठ्या मात्रा जेवणाबरोबर घ्याव्या लागतात, डाबिगाट्रानची कॅप्सूल उघडायची नसते आणि ती मूळ वेष्टनातच ठेवावी लागते, कारण मुंबईच्या दमट हवेत ती बिघडते, शिवाय मूत्रपिंडाची तपासणी वेळोवेळी लागते, आणि एकाच दिवसाच्या खंडानेही संरक्षण ढासळते.

धोक्याच्या खुणा घरातील प्रत्येकाला ठाऊक असाव्यात. हिरड्यांतून किंवा नाकातून न थांबणारे रक्त, कारण नसताना अंगावर उठणारे काळेनिळे डाग, डांबरासारखा काळा शौच, तांबडी अथवा चहाच्या रंगाची लघवी, नेहमीपेक्षा फार अधिक मासिक स्राव, अचानक सुरू झालेली तीव्र डोकेदुखी, ही सर्व रक्तस्रावाची लक्षणे आहेत. आणि गाडीत चढता-उतरताना वा घरात पडून डोक्याला मार लागला तर बाहेर जखम नसली तरी रुग्णालयात जावे, कारण आतील रक्तस्राव कित्येक तासांनंतरही दिसू शकतो. दुसऱ्या बाजूला, चेहरा एकीकडे वाकणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, एकाएकी दम लागणे, एका पायाला सूज व वेदना, आणि झडपेचा जो ‘टिक-टिक’ आवाज रात्रीच्या शांततेत रुग्णाला ऐकू येतो, तो मंद वा बंद वाटणे, या गुठळीच्या खुणा आहेत. अशा वेळी क्षणाचाही विलंब न करता १०८ ला फोन करावा. दात काढणे, डोळ्याचे वा अन्य कोणतेही ऑपरेशन ठरल्यास गोळी स्वतःहून बंद न करता दोन्ही डॉक्टरांनी परस्पर बोलून निर्णय घ्यावा. सुट्टीत उत्तर प्रदेशात, मराठवाड्यात किंवा कोकणात गावी जाताना पुरेशा गोळ्या, वही आणि रुग्णालयाचा कागद बरोबर असावा, आणि निघण्यापूर्वी एकदा तपासणी व्हावी.

इतके सारे रुग्णाने सांभाळायचे, तर समाजाने काय सांभाळायचे, हा प्रश्न येथे विचारणे भाग आहे. गोवंडीत पंडित मदनमोहन मालवीय शताब्दी रुग्णालय आहे, जवळच घाटकोपरचे राजावाडी आहे. तरी हृदयरोगाच्या विशेष विभागासाठी पुष्कळांना कुर्ल्याला गाडी बदलून शीव वा परळ गाठावे लागते. एक दिवसाची रोजंदारी बुडवून रक्त द्यायचे, आणि अहवालासाठी किंवा मात्रेसाठी दुसरा दिवस बुडवायचा, असा जेथे हिशेब असतो, तेथे तपासणी चुकते ती माणूस बेफिकीर असतो म्हणून नव्हे, तर त्या दिवशी चूल पेटायची असते म्हणून. शस्त्रक्रियेसाठी लाखो रुपये देणारी व्यवस्था जर नंतरच्या महिन्याकाठच्या चाचणीसाठी घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर सोय करील, त्याच दिवशी आकडा आणि त्याच दिवशी मात्रा मिळेल असा बंदोबस्त करील, क्षयरोग केंद्र आणि हृदयरोग विभाग यांच्या नोंदी एकमेकांना दिसतील असे करील, तर एका झडपेवर केलेला खर्च खऱ्या अर्थाने सार्थकी लागेल. ही मागणी दयेची नाही, हिशेबाचीच आहे. तोवर ज्यांच्या घरी ही गोळी आहे, त्यांनी आपल्या वहीत आजची मात्रा लिहावी, पुढच्या तपासणीची तारीख लिहावी, आणि जो कोणी नवा डॉक्टर, दंतवैद्य वा दुकानदार भेटेल त्याच्यापुढे ती वही न मागता ठेवावी. कारण ती वही वाचणाऱ्याला जे कळते, ते विचारल्यावाचून दुसऱ्या कोणालाही कळणार नाही.